चूक कुठल्या टप्प्यावर झाली, ते आधी विचार

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहणाऱ्या एका तरुणानं शेजारच्या घरातल्या आवराआवरीच्या विक्रीत जुन्या नाण्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा चाळीस डॉलरला घेतला. त्यात त्याला तीन नाणी वेगळी दिसली. १९४३ सालचा तांबड्या रंगाचा सेंट. १९५५ सालचा एक सेंट, ज्याच्या सालातला शेवटचा ५ दुहेरी दिसतो. आणि १९३७ सालचं पाच सेंटचं नाणं, ज्यावरच्या बायसनला तीनच पाय आहेत. इंटरनेटवर तिन्हींच्या किमती बघून त्याची झोप उडाली. त्यानं विचारलंय, "काका, ही खरी असतील का? आणि नसली तरी हा नाद आता सुटायचा नाही, तर सुरुवात कुठून करू?"

काका म्हणालास, तेव्हा अरे-तुरेच करतो.

आधी निकाल सांगतो, म्हणजे रात्री झोप लागेल. १९४३ चा सेंट बहुतेक तांब्याचं पाणी चढवलेला पोलादी आहे. १९५५ चा सेंट खरा आहे, पण तू समजतोस तो नाही. त्याला इकडे चेष्टेनं 'गरिबाचा डबल डाय' म्हणतात आणि तो दोन-चार डॉलरच्या वर जात नाही. तिसरं नाणं मात्र मला हातात घेऊन बघावंसं वाटतंय. फोटो धूसर आहे, पण पोटाखाली काहीतरी दिसतंय. त्याच्याकडे शेवटी येतो.

मी मूळचा टूलरूमचा, म्हणजे कारखान्यासाठी साचे-ठसे करणारा माणूस. पिंपरीत नऊ वर्षं प्रेस टूल केली, पुढे पेन्सिल्व्हेनियात आलो तोही त्याच कामावर. फिलाडेल्फियाची टाकसाळ पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा बायको मुलांना घेऊन भेटवस्तूंच्या दुकानात पोचली तरी मी गॅलरीच्या काचेला नाक लावून उभाच. खाली चाललं होतं ते माझ्या ओळखीचं काम होतं. पट्टीतून चकती कापायची, भट्टीत मऊ करायची, तिची कड दाबून उचलायची, मग कॉलरमध्ये, म्हणजे कडेनं धरून ठेवणाऱ्या कड्यात बसवून वरून आणि खालून डायचा, म्हणजे कोरीव पोलादी ठशाचा ठोका. पाच टनी प्रेसवर वॉशर काढणाऱ्या माणसाला यात नवीन काही नाही. नवीन एवढंच, की आमच्याकडे बिघडलेला माल भंगारात जायचा आणि इथे बिघडलेल्या मालाला लोक रांगा लावतात.

म्हणून मी नवख्याला पुस्तकातल्या किमती बघू देत नाही. नाणं हातात घे आणि एकच गोष्ट विचार: ही चूक कुठल्या टप्प्यावर झाली? चकतीत झाली, डायमध्ये झाली, की ठोका बसताना झाली? तिन्हींपैकी एकही उत्तर देता आलं नाही, तर ती चूक टाकसाळीबाहेर झालेली आहे. तिला चूक म्हणत नाहीत, मार म्हणतात. रेल्वेच्या रुळावर ठेवलेलं, कपडे वाळवायच्या यंत्रात महिनोन्‌महिने गरगरत कड गोल झालेलं, पकडीत दाबलेलं, ॲसिडात बुडवून बारीक केलेलं, जादूगारासाठी दोन नाणी कोरून एकात एक बसवलेलं दोन्हीकडे छापा असलेलं नाणं, असली शेकडो नाणी लोक मला 'दुर्मीळ' म्हणून दाखवतात.

आता तुझा १९४३ चा सेंट. त्या वर्षी युद्धसामग्रीसाठी तांबं हवं होतं, म्हणून अमेरिकेनं सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादावर पाडले. फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को मिळून शंभर कोटींहून जास्त. रंग पांढुरका, अंधारात दहा सेंटच्या नाण्यासारखा दिसायचा, लोक वैतागले आणि पुढच्याच वर्षी टाकसाळ पुन्हा तांब्याकडे वळली. पण १९४२ च्या ब्राँझच्या, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूच्या काही चकत्या वाहतुकीच्या पेट्यांच्या सांदीत अडकून राहिल्या असाव्यात. त्या पुढे सुटल्या, पोलादी चकत्यांबरोबर प्रेसमध्ये गेल्या आणि १९४३ साल असलेले ब्राँझचे सेंट तयार झाले. म्हणजे डाय निर्दोष, ठोका निर्दोष, चूक चकतीची. आज असे दोन डझनांच्या आसपास सेंट माहीत आहेत. डेन्व्हरचा तर एकच. तो २०१० साली १७ लाख डॉलरला गेला. १९४४ साली हाच प्रकार उलटा झाला, उरलेल्या पोलादी चकत्यांवर सेंट पडले. तेही मोलाचे.

मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफिल्डच्या एका शाळकरी मुलाला १९४७ साली शाळेच्या कॅन्टीनमधल्या सुट्ट्या पैशांत ब्राँझचा १९४३ चा सेंट मिळाला. तेव्हा एक अफवा जोरात होती, की असा सेंट आणून देणाऱ्याला हेन्री फोर्ड नवी मोटार देणार. मुलानं कंपनीकडे चौकशी केली. अफवा खोटी निघाली. सरकारी खजिन्याला विचारलं, तर त्या वर्षीचे सगळे सेंट पोलादीच होते असं उत्तर आलं. त्यानं नाणं जपून ठेवलं. त्याच्या मृत्यूनंतर २०१९ साली ते लिलावात २ लाख ४ हजार डॉलरला गेलं. ही गोष्ट इतक्या जणांनी इतक्या वेळा वाचली आहे, की प्रत्येकाला आपल्या डब्यातला तांबडा सेंट तोच वाटतो.

तुझा तो आहे का, हे दोन मिनिटांत कळेल. फ्रिजवरचा गणपती काढ आणि त्याचं चुंबक सेंटला लाव. चिकटला तर पोलाद, विषय संपला. कोणी फसवायला, कोणी शाळेच्या प्रयोगशाळेत गंमत म्हणून, लाखांनी पोलादी सेंटांवर तांबं चढवलेलं आहे. चिकटला नाही तरी लगेच उड्या मारू नकोस. वजन कर. ब्राँझचा सेंट ३.११ ग्रॅम, पोलादी २.७ च्या आसपास. वजनही जुळलं, तर भिंगाखाली सालातला ३ बघ. १९४३ च्या खऱ्या ३ ची शेपटी बाकी आकड्यांच्या रेषेच्या बरीच खाली उतरते. १९४८ च्या सेंटातल्या ८ ची डावी बाजू तासून केलेला ३ तसा उतरत नाही, कारण ८ मुळात तेवढा खाली गेलेलाच नसतो. तासणारा धातू काढू शकतो, खाली वाढवू शकत नाही. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे बायसनच्या वेळी लागेल.

१९५५ चं प्रकरण मला सगळ्यात आवडतं, कारण ते निव्वळ टूलरूमचं आहे. नाण्यावर आकृती उठते ती डायनं, आणि डायवर आकृती उठते ती हबनं. हब म्हणजे नाण्यासारखाच उंचवट्याचा, कडक पोलादाचा ठसा. तो मऊ पोलादाच्या ठोकळ्यावर दाबायचा. पण एका दाबात पूर्ण खोली येत नसे, पोलाद दबताना कडक होत जातं. मग डाय भट्टीत घालून पुन्हा मऊ करायची आणि आधीच्या ठशावरच पुन्हा हब दाबायचा. दुसऱ्या वेळी डाय केसभर फिरून बसली, की एकाच डायवर दोन आकृत्या. १९५५ च्या त्या डायवर दुसरा दाब चांगलाच फिरून बसला होता. सालाचे आकडे, 'लिबर्टी' आणि 'इन गॉड वुई ट्रस्ट' ही अक्षरं नुसत्या डोळ्यांना दोन-दोन दिसतात, लिंकनचा चेहरा मात्र जवळपास एकच. गोल तबकडी थोडी फिरवली तर मध्याजवळचं कमी सरकतं आणि कडेजवळचं जास्त. खरा नग पारखताना मी आधी हेच बघतो: दुहेरीपणा कडेला वाढतोय का?

ती डाय एका रात्रपाळीत फिलाडेल्फियाच्या प्रेसवर चालली. चूक लक्षात आली तेव्हा त्या प्रेसचे सेंट इतर प्रेसच्या लाखो चांगल्या सेंटांत मिसळून गेले होते. सगळा माल वितळवायचा, की जाऊ द्यायचा? टाकसाळीनं जाऊ दिला. अंदाज असा, की २० ते २४ हजार असे सेंट बाहेर पडले. न्यू यॉर्क राज्याच्या वरच्या भागात आणि मॅसॅच्युसेट्समध्ये त्यातले बरेच सिगारेटच्या पाकिटांतून मिळाले. पाकीट तेवीस सेंटला, यंत्र फक्त पंचवीस सेंटचं नाणं घ्यायचं, म्हणून उरलेले दोन सेंट पाकिटाच्या पारदर्शक वेष्टनातच खोचून ठेवलेले असायचे. धूम्रपानाचा कुणाला झाला असेल तर एवढाच फायदा.

तुझ्या सेंटात तसं काही नाही. फक्त शेवटचा ५ फुगलेला, त्याच्या बाजूला सावलीसारखी कडा. ती झिजलेल्या डायची खूण आहे. लाखो ठोके खाऊन डायच्या पोलादाची कड गळते, धातू तिकडे सरकतो आणि आकडा दुहेरी भासतो. असे सेंट त्या वर्षी भरपूर निघाले.

याहून फसवं एक आहे, त्याला मशीन डबलिंग म्हणतात. ठोका बसून डाय वर उचलताना ती जागेवर सैल असली तर किंचित थरथरते आणि नुकतंच उठलेलं अक्षर फासते. फरक समजायला ठशाची छपाई आठव. कापडावर ठसा टेकवला आणि उचलताना हात हलला, तर नक्षी फासते. उलट ठसा टेकवला, उचलला आणि परत टेकवताना जागा चुकली, तर दोन नक्षी दिसतात. पहिलं मशीन डबलिंग, दुसरं डबल डाय. नाण्यावर बघताना फासलेल्या अक्षराच्या बाजूला सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि मूळ अक्षर त्या मानानं बारीक झालेलं असतं, कारण त्याचाच धातू खरवडून पायरी झालेली असते. डबल डायमध्ये अक्षर जाड होतं, दोन्ही प्रतिमा गोलसर उंच असतात, आणि अक्षराच्या टोकाशी दोन प्रतिमा वेगळ्या होतात तिथे इंग्रजी व्ही सारखी खाच दिसते. दहापट भिंगाखाली ती खाच एकदा ओळखता आली, की ऑनलाइन बाजारात 'डबल डाय' म्हणून विकायला असलेला निम्म्याहून जास्त माल तुझ्यासाठी बाद होतो.

याच प्रकारातली एक गंमत. १९६९ सालचा सॅन फ्रान्सिस्कोचा डबल डाय सेंट पहिल्यांदा सापडला, तेव्हा अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं त्यातले काही बनावट म्हणून जप्त केले. त्याच सुमाराला कुणीतरी १९६९ चेच, पण फिलाडेल्फियाचे, बनावट डबल डाय सेंट बाजारात सोडले होते आणि संशयात दोन्ही धरले गेले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे अस्सल ठरले. सालाखाली त्या टाकसाळीची खूण म्हणून बारीक एस असतो तोच काय तो फरक. आज तो एस असलेला डबल डाय सेंट मिळाला, तर गाडी घेशील. चांगली.

इथे माझी फजिती सांगतो. छंदाला दोन वर्षं झाली होती, हात शिवशिवत होता. एका गावच्या प्रदर्शनात एका विक्रेत्याकडे १९२२ चा 'डी नसलेला' सेंट मिळाला. त्या वर्षी सेंट फक्त डेन्व्हरलाच पाडले, ७१ लाखांच्या आसपास, म्हणजे प्रत्येकावर सालाखाली डी असायलाच हवा. पण काही डाय इतक्या झिजल्या किंवा वंगण-कचऱ्यानं इतक्या भरल्या, की डी पुसट होत गेला. एका डायवर तर घासण्यात तो पुरताच नाहीसा झाला. मी दोनशे ऐंशी डॉलर मोजले. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच्या दिव्याखाली नाणं तिरकं धरलं, तर सालाखालची जागा वेगळ्या दिशेनं चमकत होती. चांगल्या नाण्याचा तजेला मधून कडेकडे किरणांसारखा पसरतो, ठोक्याच्या वेळी धातू तसा वाहतो म्हणून. इथे नेमक्या डीच्या जागी बारीक समांतर ओरखडे. साध्या १९२२ डेन्व्हरचा डी कुणीतरी खरवडून काढला होता. पिंपरीत रोज डायल गेज लावणारा मी, आणि दोनशे ऐंशी डॉलरचं नाणं बघायला भिंगही बाहेर काढलं नव्हतं. विक्रेत्यानं पैसे परत केले नाहीत. ते नाणं आजही माझ्या पाकिटात आहे. प्रदर्शनात खिशाला हात गेला, की पहिल्यांदा तेच हाताला लागतं.

१९२२ मध्ये ज्याला खरी किंमत येते त्या डायच्या नाण्यांची मागची बाजू नवी, टवटवीत असते, गव्हाच्या ओंब्यांच्या रेषा स्वच्छ, आणि पुढे सालातला दुसरा २ पहिल्यापेक्षा ठळक. पुढून थकलेला आणि मागून ताजा, असा विचित्र चेहरा. ही विसंगतीच खरेपणाची खूण, कारण मागची डाय मधेच बदलली होती.

तू 'जुनी' नाणी म्हणतोस म्हणून थोडं मागे जातो. १७९२ च्या कायद्यानं टाकसाळ सुरू झाली तेव्हा डायवर एकेक अक्षर वेगळ्या पंचनं, हातोडीनं ठोकत. आणि डायवर सगळं उलटं दिसतं. १७९६ च्या एका मोठ्या सेंटावर 'लिबर्टी'मधला बी उलटा ठोकला गेला, मग कुणीतरी त्यावरच सुलटा बी ठोकला, आणि तयार झालेलं अक्षर दिसतं एचसारखं. संग्राहक त्याला 'लिहर्टी' सेंट म्हणतात. १८०१ चा एक सेंट तर कमाल आहे. 'युनायटेड'मधल्या यू ऐवजी दोन आय, माळेचा एक देठ गायब, आणि खाली शंभरावा हिस्सा दाखवायला एक छेद शंभर लिहायचं तिथे एक छेद तीन शून्यं. एका डायवर तीन चुका! मला त्या कामगाराचं नेहमी वाईट वाटतं. कमी उजेडात आरशातली अक्षरं ठोकणं काय असतं, ते मी शिकाऊ असताना नंबर पंच ठोकून बघितलंय. ही मोठी सेंट नाणी झिजलेल्या अवस्थेत आजही लोक विकत घेऊ शकतात, पण तू पहिल्या वर्षात त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. त्यांची पारख ही वेगळी विद्या आहे.

चांदीच्या मॉर्गन डॉलरमध्येही अशा डायच्या गोष्टी आहेत. कार्सन सिटीची टाकसाळ १८९३ नंतर नाणी पाडेनाशी झाली. तिच्या उरलेल्या डाय वाया घालवायच्या नाहीत म्हणून सीसी या खुणेवर न्यू ऑर्लिन्सचा ओ ठोकला आणि १९०० साली वापरल्या. ओच्या मागे सीसीचे अवशेष आजही डोकावतात. काटकसरीतून झालेली चूक, आपल्याकडच्या माणसाला लगेच पटेल अशी. मॉर्गन घेताना मात्र किती पाडले या आकड्यावर विसंबू नकोस. १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांनी हिंदुस्थानसाठी विकत घेतली. पहिल्या महायुद्धात तिथे कागदी नोटांवरचा लोकांचा विश्वास उडत चालला होता, लोक नोटा देऊन रुपये मागत होते आणि सरकारकडे चांदी संपत आली होती. त्या डॉलरांचे रुपये झाले. तेव्हा तुझ्या पणजीच्या पुतळ्यांच्या डब्यात १९१८-१९ चा पंचम जॉर्जचा रुपया असेल, तर त्यात कदाचित न्यू ऑर्लिन्सची चांदी असेल. कोणत्या सालचे डॉलर किती वितळले याची नोंद ठेवली गेली नाही. म्हणून भरपूर पाडलेलं एखादं साल आज सापडत नाही.

मॉर्गनची गोष्ट निघाली तर सांगून टाकतो. सुट्टीत मुंबई-पुण्याला गेलास आणि जुन्या बाजारात चादरीवर अमेरिकन डॉलर मांडलेले दिसले, तर दुरूनच नमस्कार कर. मी तिथे आजवर हाती घेतलेले सगळे खोटे निघाले. खऱ्या मॉर्गनचं वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, चुंबकाला चिकटत नाही. खिशात छोटा काटा ठेवला तर विक्रेत्याचा चेहराच उत्तर देतो. आणि गावाकडून कुणी फोन करून म्हणालं, की जुन्या नाण्याचे लाखो रुपये देणारी जाहिरात बघितली, फक्त आधी नोंदणीचे पैसे भरायचेत, तर त्यांना थांबव. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये या फसवणुकीबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे.

सुरुवात कुठून? माझं मत विचारशील तर ठोक्याच्या चुकांपासून. त्या स्वस्त आहेत, डोळ्यांना दिसतात आणि शिकवतात. ठसा दहा-पंधरा टक्के सरकून पडलेला लिंकन सेंट थोड्या डॉलरांत मिळतो. अर्धा सरकलेला आणि तरी साल पूर्ण दिसणारा असेल तर जास्त. साल नसेल तर किंमत पडते. कॉलरशिवाय पडून पसरट झालेलं नाणं घे. त्याच्या कडेला हात लावून बघ, म्हणजे कॉलर काय काम करते ते कळेल. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं, की पुढच्या नाण्यावर त्याचा उलटा, खोलगट ठसा उमटतो, त्याला ब्रॉकेज म्हणतात. लिंकन आरशातून बघतोय असं वाटतं. हे थोडं महाग, पण एक तरी असावं.

चंद्रकोरीसारखा तुकडा कापला गेलेला सेंट तर पहिल्या महिन्यातच घे. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, की पंच आधीच्या भोकावर पडतो आणि चकतीचा चतकोर जातो. यात एक सुंदर परीक्षा आहे. कापलेल्या जागेच्या बरोबर समोरच्या बाजूची कड बघ. खरा असेल तर तिथे कड अस्पष्ट, दबकी असते. कड उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन बाजूंनी चिमटली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही. घरी कानशीनं कापलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ताठ उभी. कापणाऱ्याला तुकड्याची काळजी असते, समोरच्या बाजूची नाही.

डायच्या चुकांत पहिली म्हणून १९३८ चं डेन्व्हरचं बायसनवालं पाच सेंटचं नाणं घे, ज्यात एसवर डी ठोकलेला आहे. त्या वर्षी, म्हणजे या नाण्याच्या शेवटच्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोला ती पाडायची नव्हतीच, म्हणून तिच्यासाठी केलेल्या डायवर डी ठोकून डेन्व्हरला वापरल्या. टाकसाळीची खूण १९९० च्या सुमारापर्यंत एकेका डायवर हातानं ठोकत असत, म्हणून जुन्या नाण्यांत दोनदा ठोकलेल्या, कलत्या, एकावर एक खुणा सापडतात. हे नाणं चांगल्या अवस्थेतही परवडतं आणि डोळा तयार करतं.

सामान फार लागत नाही. दहापट भिंग, एक शतांश ग्रॅम दाखवणारा काटा, चुंबक, व्हर्निअर आणि मान वळणारा टेबललॅम्प. बँकेतून सेंटांच्या गुंडाळ्या आणून चाळायलाही मजा येते. एका गुंडाळीत पन्नास. १९८२ साली सेंट ब्राँझऐवजी जस्ताचे झाले, त्या सालचे दोन्ही वजनांचे मिळतात, ३.११ आणि २.५ ग्रॅम. पहिला काटा घेतलास की तेवढे वेगळे कर, हात बसेल. चलनासाठी सेंट पाडणं टाकसाळीनं २०२५ च्या नोव्हेंबरात बंद केलंय, तेव्हा ही मजा लवकर करून घे.

महाग नाणं घ्यायचंच झालं, तर पीसीजीएस, एनजीसी किंवा अनाक्स या नाणी पारखणाऱ्या कंपन्यांनी तपासून प्लास्टिकच्या बंद डबीत दिलेलं घे. डबीही नकली येते, म्हणून डबीवरचा क्रमांक त्यांच्या साइटवर टाकून तिथला फोटो आणि हातातलं नाणं ताडून बघ. आणि डबीवरच्या चिठ्ठीला भुलून नाणं बघायचं सोडू नकोस. पन्नास डॉलरच्या आतल्या वस्तूला मात्र डबीचा खर्च परवडत नाही.

आता तो तीन पायांचा बायसन. प्रेसमध्ये चकती यायची चुकली, की वरची आणि खालची डाय एकमेकींवर आदळतात आणि एकीची आकृती दुसरीवर उमटते. हे डाग घालवायला डाय घासतात. १९३७ साली डेन्व्हरला कुणीतरी जरा जास्तच घासली आणि बायसनच्या पुढच्या एका पायाचा भाग पुसून गेला. डायमध्ये पाय म्हणजे खळगा. भोवतालचं पोलाद घासून खाली आणलं, की उथळ खळगा नाहीसा होतो. खूर खोल होता, म्हणून तो जमिनीवर तसाच उरला. पाय नसलेला खूर.

साध्या १९३७ डेन्व्हर नाण्याचा पाय कानशीनं किंवा कोरणीनं काढणारे तेव्हापासून आजपर्यंत आहेत. पण त्या डायवर घासण्याबरोबर बारीक खड्डेही होते, आणि डायवरचा खड्डा नाण्यावर उंचवटा होतो. बायसनच्या पोटाखालून जमिनीपर्यंत थेंबांसारख्या बारीक टिंबांची ओळ उतरते. तो उभ्या उभ्या लघवी करतोय असं दिसतं, आणि इकडचे दाढीवाले संग्राहकही गंभीर चेहऱ्यानं तसंच म्हणतात. मागचा पायही कुरतडल्यासारखा बारीक असतो. पाय खरवडणारा धातू काढू शकतो. उंच टिंबं तो आणणार कुठून?

तुझ्या फोटोत पोटाखाली जे दिसतंय ती टिंबं आहेत की मळ, हे मला कळत नाहीये. तेव्हा असं कर. नाणं कडेनं धर, कापडावर ठेव. खोलीतले दिवे बंद करून लॅम्प डावीकडून अगदी खाली, जवळजवळ नाण्याच्या पातळीला आण, म्हणजे उंचवट्याची सावली पडेल. मग भिंगातून फोनचा कॅमेरा धरून पोट ते जमीन एवढ्याच भागाचा फोटो काढ. दुसरा फोटो गायब पायाच्या जागेचा. तिथला पृष्ठभाग भोवतालच्या जागेसारखाच दिसतोय का, की वेगळा चमकतोय, ते मला बघायचंय. तिसरा नाण्याच्या दर्शनी बाजूचा. वजनही कळव, मूळ ५ ग्रॅम, झिजलेलं असेल तर थोडं कमी भरेल.

आणि आईला फोनवर नाण्याबद्दल सांगशील तेव्हा ती चिंच किंवा पितांबरी लावून उजळ म्हणेल. लावू नकोस. साध्या पाण्यानंसुद्धा धुऊ नकोस. टिंबांच्या खाचेत नव्वद वर्षांचा मळ असेल तर तो मला तसाच हवाय. ताज्या कोरलेल्या जागेत एवढा जुना मळ बसत नाही.